अकरावा धोंड

१

झऱ्याच्या पायऱ्यांवर मधुकर पालथा पडला होता. सकाळच्या आंघोळीला उतरलेल्या धोंडांनी, लईराई देवीच्या व्रतकरी भक्तांनी, त्याला उताणा केला तेव्हा अंग गार लागलं. डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी सुरकुतली होती. शिरगावची जत्रा दोन दिवसांवर होती. लईराईचं व्रत चालू असताना धोंड मेला, असं मुळगावच्या खालच्या वाड्यावर कुणाच्या आज्यानेही ऐकलं नव्हतं.

पण त्या आठवड्यात वाड्यावर मरणाचं नवल उरलं नव्हतं. जुलाब-उलट्यांची साथ होती. दोन म्हातारी माणसं आणि एक पोर आधीच गेलं होतं, आणि टाकीच्या पाण्यात कॉलरा असल्याचा रिपोर्ट पणजीहून आला होता. त्यात हा चौथा. दुपारच्या आत त्याला जाळून माणसं घरी परतली.

संध्याकाळी मधुकरचा थोरला भाऊ कृष्णनाथ आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

वर्ग म्हणजे डिचोलीच्या एका शाळेची उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी पडलेली खोली. गोवा राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नव्या राज्याला आपल्या रोगांची आकडेवारी आपणच काढायची हौस आली होती आणि त्या हौसेपायी आम्हा डझनभर आरोग्य कर्मचाऱ्यांना जीवसांख्यिकी शिकायला बसवलं होतं. मी अनंत, पेडण्याचा, मलेरिया खात्यातला. डासांच्या अळ्या मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली. शिकवायला होत्या प्रभावती केंकरे. तोंडावर आम्ही त्यांना बाई म्हणायचो, पाठीमागे काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. मुळगावची नर्स सुलोचना आमच्याच वर्गात होती. पहिल्या दिवशी ती बिचारी म्हणाली, "बाई, आम्हाला लोकांची सेवा करायची आहे, गणितं कशाला?" बाई म्हणाल्या, "सेवा करायची तर देवळात झाडू मार. तिथं चुकलीस तर कुणी मरत नाही." सुलोचना रडली. बाईंनी फळा पुसून पुढचं शिकवायला घेतलं. मग लोकांना प्रश्न मराठीत विचारायचे की कोकणीत यावरून वर्गात जुंपली, कारण राजभाषेच्या भांडणाची धग अजून गेली नव्हती. तेव्हाही बाईंनीच तोंडं बंद केली. "पोटात कळ आल्यावर माणूस आईला ज्या भाषेत हाक मारतो, त्या भाषेत विचारा."

साथ लागल्यावर त्यांनी अख्खा वर्गच वाड्यावर नेला होता. घरोघर जायचं आणि कोण आजारी, कोण नाही, कुणी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यालं ते विचारायचं. माणसं उलट्या करत होती आणि आम्ही उंबऱ्यात उभे राहून प्रश्न विचारत होतो. मला त्या कामाची लाज वाटायची.

कृष्णनाथ स्वतः साथीतून नुकता उठला होता. चौकट धरूनच तो बोलला.

"बाई, म्हजो भाव कॉलऱ्यान मरूंक ना. ताका बायलेन वीख घालें."

२

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"कशावरून?"

कृष्णनाथने खिशातून कागदाची पुडी काढून मेजावर ठेवली. उंदरांचं औषध. रुक्मिणीच्या, म्हणजे मधुकरच्या बायकोच्या खोलीत वाशामागे सापडलं म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. "अनंत, तू वाड्यावरची घरं फिरलास. उंदरांचं औषध किती घरांत आहे?"

"सगळ्याच घरांत असेल, बाई. भाताच्या कणग्या आहेत."

"मग सगळ्याच बायकांनी नवरे मारले का?" त्यांनी पुडी बोटाने मागे सरकवली. "ज्या घरात माणूस मेला तिथंच शोधलंत, तिथंच सापडलं. जिथं कुणी मेलं नाही तिथं शोधायला गेलात का? घरी जा. पेज प्या."

कृष्णनाथचं तोंड उतरलं, पण तो हलला नाही. उद्या चार वाजता हवालदार वाड्यावर येणार होता. रुक्मिणीचा चार वर्षांचा मुलगा गौरेश घरच्यांनी आजीच्या ताब्यात दिलाच होता. "भुरगें तिका मेळचें ना. खुनी बायलेच्या हातांत आमी तें दिवचे ना." एवढं बोलून तो भिंतीच्या आधाराने गेला.

आम्हाला वाटलं, विषय संपला. बाई मात्र फळ्यासमोर गेल्या. एका बाजूला त्यांनी टाकीचं पाणी पिणारे लिहिले: दर तिघांत दोन आजारी. दुसऱ्या बाजूला न पिणारे. त्यात मुख्यतः धोंड. व्रताच्या दिवसांत या वाड्यावरचे धोंड घरी जेवत नाहीत, घरचं पाणी पीत नाहीत. झऱ्याकडच्या मांडवात राहतात, आंघोळ करून सोवळ्यात रांधतात, झऱ्याचंच पाणी पितात. खाणीच्या ट्रकांखाली टाकीचा पाइप फुटून गटाराचं पाणी आत शिरलं, ते धोंड मांडवात गेल्यानंतर.

"अकरा धोंड," बाई म्हणाल्या. "दहा ठणठणीत. अकरावा मेला."

मी म्हणालो, "पण लक्षणं तर कॉलऱ्याचीच होती ना?"

"सोमलाने मेलेला माणूसही असाच दिसतो. साथीच्या दिवसांत विष घालणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय हवं? तीन मरणांत चौथं कोण मोजतो?" त्यांनी मधुकरच्या आकड्याभोवती गोल काढला. "भाऊ आगाऊ आहे, पुरावा म्हणून त्याने कचरा आणला. पण हा माणूस साथीत मरायला नको होता."

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मधुकरच्या घरी गेलो. मधुकरची आई यशोदा सोप्यावर नातवाला मांडीत घेऊन बसली होती. म्हातारी रडत नव्हती, आणि मला ते जास्त भयंकर वाटलं.

"म्हजो पूत पयलीं सोरो पियेतालो," ती आपणहून बोलली. "बायलेक मारतालो, म्हाकाय मारतालो. देवीचो धोंड जालो आनी पांच वर्सां थेंब तोंडांत घालूंक ना. तें व्रत म्हणजे म्हज्या पुताचो दुसरो जल्म." गौरेश मांडीवरून उतरायला धडपडत होता. त्याची आई मागच्या लाकडांच्या खोपीत होती. म्हातारीने त्याचा दंड सोडला नाही.

रुक्मिणी बांद्याकडची, तिशीची बाई. खोपीत लाकडांना टेकून बसली होती. गालावर बोटांचे वळ होते, कुणाच्या हाताचे ते विचारायची गरज नव्हती.

"तू नवऱ्याला मांडवात काही खायला नेलंस? काही प्यायला दिलंस?" बाईंनी विचारलं.

"नाय. घास दिलंय नाय, पाण्याचो घोट दिलंय नाय. देवीची आण."

"एकदाही?"

"धोंडाक घरचा कोण देतला, बाई? व्रत मोडीत. त्या व्रतान माका माझो माणूस परत दिल्यान, आनी तां मी मोडतलंय?" मग ती माझ्याकडे वळली. "माझो झील जेवलो काय, तां बगशात?"

मी पोराला पाहून येतो म्हणालो. मला तिचं खरं वाटलं.

तिथून मांडवात. धाकू हा त्या धोंडांतला रांधणारा. धिप्पाड माणूस, पण घाबरून अर्धा झालेला.

"आमी सगळे एकाच मडक्यांतलें जेवले," तो म्हणाला. "वीख जेवणांत आसलें जाल्यार आमी अकराय जाण गेल्ले आसले."

"मडकं सुटलं, झराही सुटला," बाई पुटपुटल्या. "त्याला एकट्याला कुणी काही दिलं?"

धाकू चुलीतली लाकडं सारू लागला. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याने वर्गातले भलेभले पाढे विसरायचे.

"ताची बायल येताली," शेवटी तो म्हणाला. "दर सांजे. त्या फातरार तांब्यो दवरून फाटीं सरताली. मधू वचून पियेतालो. हांवें एकदां विचारलें, तर म्हणालो, हें चलता. दुयेंत पडलो तेन्ना ती चड फावट येवंक लागली."

"दगडावर ठेवून जायची, आणि तो आजारी पडल्यावर जास्त वेळा. तांब्यात काय होतं?"

"दुसऱ्याच्या बायलेच्या तांब्यांत कोण पळयता, बाई?"

"आणि दोन दिवस तो आजारी होता, तर दवाखान्यात का नेलं नाही?"

"येना म्हणालो. व्रत सोडून कसो येतलो?"

आम्ही घाईने खोपीकडे परतलो. दाराला बाहेरून कडी घातलेली होती आणि कृष्णनाथ कोयता घेऊन समोर बसला होता. हवालदार येईपर्यंत दार उघडणार नाही म्हणाला. खोटी आण घेतलेल्या बाईशी आणखी काय बोलायचं, असं आता मलाही वाटू लागलं होतं.

४

वाड्यावरच्या बालवाडीत वर्ग भरला. बाईंनी विचारलं, "बोला. कोण?"

बोलायला काही उरलंच नव्हतं. कृष्णनाथ त्या दिवसांत स्वतः आजारी, अंथरुणातून उठत नव्हता. यशोदा घर सोडून गेली नव्हती. धाकूचं जेवण सगळ्यांनी खाल्लेलं. उरली रुक्मिणी. तांब्या नेणारी, तांब्या नेला नाही म्हणून देवीची आण घेणारी, एके काळी नवऱ्याचा मार खाल्लेली. सगळ्यांनी एकमुखाने तिचंच नाव घेतलं. सुलोचना तेवढी मान खाली घालून बाकाचं लाकूड नखाने खरवडत होती. तिचा वाडा, तिची माणसं. वाईट वाटत असेल, असं मला वाटलं.

"छान," बाई म्हणाल्या. "तुम्ही पोलिसात शोभाल. आता मला सांगा, न पिणाऱ्यांच्या रकान्यात दुसरा आजारी कोण आहे?"

कुणाच्या लक्षातच नव्हतं. मी पाहिलं. देवकी नावाच्या बाईचं चार महिन्यांचं तान्हं. फक्त अंगावर पितं, आणि तरी त्याला जुलाब झाले होते. मीच त्या घरी गेलो होतो.

"ते तान्हं पोर आहे, बाई. अपवाद म्हणून सोडून दिलं."

"अपवाद!" बाई माझ्या अंगावरच आल्या. "तुझ्या बापाने तुला अपवाद म्हणून सोडला असता तर बरं झालं असतं. दोन माणसं टाकीचं पाणी पीत नाहीत आणि दोघं त्याच रोगाने पडतात. एकाला बायकोने विष घातलं म्हणता. मग पोराला काय आईने घातलं? ऊठ."

वर्गासमोर असं ऐकून घेताना कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. त्या बाईचा मला अगदी मनापासून राग आला. पण उठलो.

देवकी पोराला पाळण्यात झोके देत होती. पोर आता सावरलं होतं. मी परवाचाच प्रश्न पुन्हा विचारला, तिनेही परवाचंच उत्तर दिलं. "म्हजेंच दूद पिता. उदकाचो थेंब दीना हांव."

बाईंनी मला बाजूला सारलं आणि पाळण्याशी बसल्या. त्यांचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता. "देवकी, काय पाजतेस ते राहू दे. सकाळी डोळे उघडल्यापासून याच्या ओठांना काय काय लागतं, ते सगळं सांग."

देवकी हसली. "दूद. मागीर न्हाणयलो की घुटी. मागीर परतें दूद."

"घुटी कशात उगाळतेस?"

"साणेर. चार थेंब उदकांत."

"कुठल्या पाण्यात?"

"टाकीच्या." मग तिच्या लक्षात आलं आणि ती गोंधळली. "पूण तें पियोवप न्हय मगे बाई. तें वखद."

बाई उठल्या. उन्हात आल्यावर त्यांनी आंब्याच्या बुंध्याला हात टेकला. मग म्हणाल्या, "अनंत, रुक्मिणी खोटं बोललेली नाही. आपण विचारलं, काय खाल्लं, काय प्यालं. औषध कुणी खाण्यापिण्यात धरतं का? सुलोचनाला बोलाव."

५

सुलोचनाने एका मिनिटात सगळं ओकलं.

साथ लागली त्या दिवशी तिने घरोघर मीठ-साखरेची पाकिटं वाटली होती, जुलाबात अंगातलं पाणी टिकवणारी. रुक्मिणीने विचारलं, आजारी नसलेल्याला दिलं तर चालेल का? सुलोचना घाईत होती. "दे, चांगलंच आहे." रुक्मिणीने विचारलं, धोंडाला चालेल का? "औषध आहे ते. औषधाने व्रत मोडतं होय?"

"पाणी उकळून घे म्हणालीस?"

सुलोचनाने मान हलवली. नाही.

"कालपासून तू माझ्यासमोर बसली आहेस," बाई अगदी सावकाश बोलल्या. "सगळा वर्ग त्या बाईला खुनी म्हणाला आणि तू बाक खरवडत होतीस."

"बाई, माझी नोकरी जाईल. पोरं आहेत मला."

"तिलाही आहे."

खोपीचं दार उघडून घेताना बाईंनी कृष्णनाथच्या हातातला कोयता असा काढून घेतला, जणू वर्गातल्या पोराच्या हातची पट्टी. आत आम्ही तिघंच होतो. बाईंनी विचारलं, तांब्यात काय असायचं? रुक्मिणीने लगेच सांगितलं. "पाकिटाचा औषद." हे एवढंच का विचारता, असा तिचा चेहरा होता.

बाईंनी तिला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पाइप, गटार, टाकी, पाणी, पाकीट. रोगापासून वाचावा म्हणून तिने जो रोज तांब्या नेला, त्यातूनच रोग गेला. तो आजारी पडल्यावर तिने तांबे वाढवले. पाकीट चांगलंच होतं, पाणी वाईट होतं. आणि एवढ्या जुलाबांना ते तांबे पुरणारही नव्हते, त्याला सलाइन हवं होतं.

मला वाटलं होतं ती आकांत करील. तिने एवढंच विचारलं.

"म्हंजे मी मारलंय तेंका?"

"गेलं ते तुझ्या हातून. पण गुन्हा नाही. हवालदार आला की मी त्याला समजावून सांगते. आज संध्याकाळी तुझा मुलगा तुझ्याकडे असेल."

"मी तांबे दिलंय नसते तर ते जगले असते?"

कुणीही इथे खोटं बोललं असतं. मी तर नक्कीच. बाई म्हणाल्या, "हो. त्या मांडवातले बाकीचे दहा जगले."

रुक्मिणीने पदर तोंडात कोंबला आणि बऱ्याच वेळाने काढला. मग तिने वेगळंच विचारलं. "टाकीचा पाणी तेंच्या पोटात गेला. म्हंजे व्रत मोडला?"

"ते मला ठाऊक नाही. माझ्या विषयात ते येत नाही."

"पण भायर सांगशात तुमी, टाकीचा पाणी म्हणान?"

"सांगावंच लागेल. त्यावरच तुझी सुटका आहे."

बाहेर हवालदाराची मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

६

अंगणात सगळा वाडा जमला होता. दहाही धोंड व्रताच्या काठ्या घेऊन एका बाजूला उभे. जत्रा दुसऱ्या दिवशी होती आणि त्यांच्या तोंडावर एकच चिंता होती, ती मला थोडी उशिराच कळली. ते मधुकरबरोबर एका मडक्यातलं जेवले होते. त्याचं व्रत मोडलं असेल, तर त्यांचंही काय उरलं?

बाईंनी सांगायला सुरुवात केली. देवकीचं पोर, घुटी, औषध. माणसं ऐकत होती आणि मला वाटत होतं, सुटली रुक्मिणी. पाकिटाशी आल्यावर कृष्णनाथने मध्येच विचारलं, "म्हणजे म्हज्या भावान टाकीचें उदक पियेलें?"

यशोदा सोप्यावरून उठून उभी राहिली.

बाई "हो" म्हणायच्या आत खोपीच्या दारातून आवाज आला.

"बाई खोटां सांगतत."

रुक्मिणी बाहेर आली होती. "पाकीट नाय नि काय नाय. उंदराचा औषद घातलंय मी. तांब्यात झऱ्याचाच पाणी होता, तेच्यात घातलंय. ते माका मारीत, तेचो राग होतो माझ्या मनात. तेंचा काय चुकला नाय. तेंनी व्रत मोडूक नाय."

"रुक्मिणी!" बाई ओरडल्या. मग सुलोचनाकडे वळल्या. "बोल. तू बोल."

सुलोचनाने सगळ्या वाड्याकडे पाहिलं. मग हवालदाराकडे. "मी हिला पाकीट दिलंच नव्हतं," ती म्हणाली.

मी पुढे झालो, ती आत्ताच कबूल झाली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं, असं बोंबलून सांगितलं. हवालदार म्हणाला, "तू पेडण्याचो मरे? मग पेडण्यांतलें पळय." दोघं-तिघं हसलेसुद्धा. एका बाजूला गटार, पाइप, दर तिघांत दोन, असं लांबण होतं आणि दुसऱ्या बाजूला एक बाई स्वतःच्या तोंडाने कबूल होत होती. लोकांना सोपं ते हवं असतं. दहा धोंडांनी तर सुटकेचा श्वासच सोडला. धाकूने शिरगावच्या दिशेला हात जोडले.

"म्हज्या पुताचें व्रत मोडूंक ना!" यशोदा म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं आणि मग पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडता रडता ती सुनेकडे पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. ते कुणी पाहिलं की नाही कोण जाणे, पण मी पाहिलं.

७

मॅजिस्ट्रेटपुढेही रुक्मिणीने तेच सांगितलं. ती तुरुंगात गेली. जत्रा पार पडली, मधुकरची काठी धोंडांनी मानाने नेली.

पुढची गोष्ट मला बरीच नंतर कळली. दर महिन्याला यशोदा गौरेशला घेऊन तुरुंगात जायची. बस बदलत, टिनाच्या डब्यात भाकरी बांधून. म्हातारी सुनेशी बोलत नसे, पोराला गजांपाशी उभं करून लांब जाऊन बसे. वाड्यावर कुणी बोललं तर म्हणे, "ती म्हजी खोशी." दोघींनी आपसात एक शब्द न बोलता सौदा केला होता आणि दोघी तो पाळत होत्या.

बाईंना सौद्याबिद्याशी काही देणंघेणं नव्हतं. खटला पणजीच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा त्यांनी आपणहून साक्ष दिली. मी बसमध्ये त्यांना म्हणालो, "तिला नकोय ते, बाई. म्हातारीलाही नकोय." त्या म्हणाल्या, "न झालेल्या खुनासाठी मी माणूस फासावर जाऊ देऊ? तुला काय शिकवलं मी?"

आजही बाईंचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, आणि त्यांना माफही करू शकत नाही.

साक्ष ऐकायला वाड्यावरची निम्मी माणसं आली होती. देवकीने घुटीचं सांगितलं. शपथेवर उलटतपासणी झाली तेव्हा सुलोचना कोसळली आणि पाकिटांचं कबूल झाली. बाईंनी अकरा धोंडांचं गणित न्यायाधीशांना असं समजावलं, की वर्गात आम्हाला कधी तितक्या प्रेमाने समजावलं नव्हतं. रुक्मिणी पिंजऱ्यातून सारखी "नाय, नाय" म्हणत राहिली, तिला गप्प बसवावं लागलं. ती निर्दोष सुटली.

कोर्टाबाहेर पिंपळाखाली यशोदा गौरेशला घेऊन उभी होती. तो आता सहा वर्षांचा झाला होता. रुक्मिणी धावत गेली आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, हात पसरून. पोर पुढे झालं. गजांमधून पाहायची त्याला सवय होती, आईला हात लावता येतो हे त्याला नवीन होतं.

यशोदाने त्याला मागे ओढलं.

"हिणें तुज्या बापायचें व्रत मोडलें," ती त्याला म्हणाली. "गटाराचें उदक पाजून मारलो ताका. आयकलें मगे तुवें आतां?"

पोराने ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. कायद्याने ते आता आईचं होतं. पण ते आजीच्या लुगड्याला दोन्ही मुठींनी धरून मागे गेलं. रुक्मिणीने आणखी हात पुढे केला, तेव्हा त्याने तिच्या हातावर लाथ मारली. मोठ्या माणसासारखी, नेम धरून. मग दोघं बसस्टँडच्या दिशेने चालती झाली.

बाई पायऱ्या उतरून आल्या होत्या. "कोर्टात अर्ज करता येतो," त्या म्हणाल्या. "मुलाचा ताबा तुलाच मिळेल. मी वकील बघते."

रुक्मिणी उठली. गुडघ्यांची माती झाडली.

"वीख घातलेली आई तेका चलत होती, बाई," ती म्हणाली.

रुक्मिणी बसस्टँडकडे निघाली, आम्हीही जायचं तिथंच, म्हणून मागे मागे चाललो. बांद्याची गाडी लागली होती. रुक्मिणी तिच्यात चढली, खिडकीशी जाऊन बसली आणि गाडी सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिली.